कुत्र्यास कच्चें मांस घालावें काय ?

गेल्या दिवाळीस आमचे पुतणे पुण्याहून घरीं आले ते आपल्याबरोबर लॅब्रॅडॉर जातीचा एक कुत्रा आणि बर्फाच्या पेटींत भरलेल्या कोंबडीच्या मानांची पिशवी घेऊन आले. त्यांचा कुत्रा शिजविलेलें कांहीं खात नाहीं. किंबहुना त्यास तें खाऊं दिलें जात नाहीं. कच्चें मांस, कच्चें काळीज व कच्चें हाड हाच कुत्र्याचा निसर्गदत्त आहार असून मनुष्यानें त्यास भाकरी व बिस्किटें घालून रोगी करून टाकलें आहे, असें पुतण्यांचें म्हणणें. वस्तीवरील आमच्या मोत्यासही तोच आहार सुरू करावा असा त्यांनीं आग्रह धरिला. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. दोन्ही पक्षांचे कागद पाहिल्यावांचून शेरा मारावयाचा नाहीं, ही तेथली शिस्त. त्याप्रमाणें या प्रकरणाचेही कागद आम्हीं पाहिले व गुरांच्या डॉक्टरांस विचारिलें. शेतकरी बंधूंमध्यें ज्याच्या दारांत कुत्रें नाहीं असा विरळा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, झाडांची होते, कुत्र्याची होत नाहीं. म्हणूनच कीं काय, त्याच्या खाण्यापिण्याचा विचार करण्याची आपणांस संवय नाहीं.

कच्च्या आहाराच्या बाजूनें बोलण्यासारखें बरेंच आहे, तें प्रथम प्रांजळपणें सांगतों. हा पंथ अगदींच पोरकट नव्हे. ऑस्ट्रेलियांतील इयान बिलिंगहर्स्ट नांवाच्या पशुवैद्यानें १९९३ सालीं या विषयावर पुस्तक लिहिलें, तेव्हांपासून त्याचा विशेष प्रसार झाला. परंतु शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांस व बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांस कच्चें मांस घालण्याची चाल त्याहून जुनी आहे. उलट, बिस्किटांचा इतिहास फार मोठा नाहीं. जेम्स स्प्रॅट नांवाच्या गृहस्थानें १८६० च्या सुमारास लंडन येथें कुत्र्यांचीं बिस्किटें विकावयास काढिलीं. तत्पूर्वीं बहुतेक सर्व कुत्रीं धन्याच्या ताटांतलें उरलेलें आणि उकिरड्यावर सांपडेल तें खाऊनच जगत होतीं. कच्चें मांस कुत्रें आवडीनें खातें, तें त्यास चांगलें पचतें, विष्ठा थोडी व घट्ट पडते, हाड चघळल्यानें दांतांवरचें कीट निघतें, हें सर्व खरें आहे. शिजविलेल्या हाडाच्या टोंकदार चिपा होऊन त्या घशांत किंवा आंतड्यांत रुततात, कच्चें हाड त्या मानानें चिवट असतें, हेंही खरें.

परंतु ‘कुत्रा म्हणजे लांडगाच’ हा जो या पंथाचा मूळ आधार, तो तितकासा पक्का नाहीं. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं लांडगा व कुत्रा यांचीं जनुकें ताडून पाहिलीं व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. पिठूळ अन्न पचविणारा जो स्वादुपिंडांतील रस, त्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोन आढळल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशेजारीं पिढ्यान् पिढ्या बसून कुत्र्याचें पोटही थोडेंफार माणसाळलें आहे, असा याचा अर्थ. भाकरी हें त्याच्यावर लादलेलें परकें अन्न नव्हे.

याचा अर्थ भाकरी पुरेशी आहे असा मात्र कोणीं करूं नये. येथें आम्हां शेतकऱ्यांचाही कान धरला पाहिजे. रात्रीची शिळी भाकरी व त्यावर ताकाचें पाणी एवढ्यावर आपण कुत्रें बारा महिने राखणीस ठेवतों, आणि तें माळावर मेलेल्या जनावरामागें गेलें म्हणजे त्याच्या नीच जातीस नांवें ठेवतों. वस्तुतः त्याचें शरीर मांस मागत असतें, व धन्यानें न दिलेलें तें स्वतः शोधतें. नुसतें मांसही पूर्णान्न नव्हे. मांसांत चुना फार थोडा असल्यामुळें हाडावांचून केवळ मांसावर वाढविलेल्या पिलांचे पाय वांकतात. सारांश, कुत्र्याच्या प्रकृतीपुरतें पाहिलें तर दोन्ही पक्षांत कांहीं तथ्य आहे, आणि प्रकरण येथेंच संपतें तर आम्हीं या मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं.

शहरांतलें कुत्रें तिसऱ्या मजल्यावर राहतें. आपलें कुत्रें गोठ्यांत, खळ्यावर व मेथीच्या वाफ्यांत राहतें. त्यानें काय खाल्लें याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या पोटांत चुकता होत नाहीं.

कुत्र्याच्या लहान आंतड्यांत इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नांवाचा एक पट्टकृमी राहतो. त्याची लांबी सुमारें तीन ते सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून अधिक नव्हे. असे शेंकडों कृमी पोटांत असले तरी कुत्रें धडधाकट दिसतें, भुंकतें, राखण करतें. कृमीचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडतात. तीं डोळ्यांस दिसत नाहींत. गवताबरोबर तीं मेंढीच्या, बकरीच्या किंवा गाईम्हशींच्या पोटांत गेलीं म्हणजे त्यांतून निघालेला जीव रक्तावाटे काळजांत किंवा फुप्फुसांत जाऊन बसतो, व तेथें पाण्यानें भरलेला पांढुरका फोड वाढूं लागतो. बकरें सोलतांना असले फोड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. खाटीक तो भाग खाण्यालायक नाहीं म्हणून कापून बाजूस फेंकतो, आणि बाजूस कोण बसलेलें असतें हें सांगावयास नको. त्या फोडांतील पाण्यांत नव्या पट्टकृमींचीं असंख्य डोकीं असतात. तीं कुत्र्याच्या पोटांत गेलीं म्हणजे सुमारें सहा-सात आठवड्यांत पुन्हा अंडीं पडूं लागतात. कुत्रें आणि मेंढरूं यांच्यामध्यें हें रहाटगाडगें अखंड चालतें. तें चालण्यास एकच गोष्ट लागते. ती म्हणजे कुत्र्याच्या तोंडीं पडलेला कच्चा अवयव.

या रहाटांत माणूस मधेंच सांपडतो. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तोच हात तोंडांत घालणारें मूल, न धुतलेली कोथिंबीर, वाफ्यांत बसून खाल्लेला मुळा, यांपैकीं कशानेंही तीं अंडीं पोटांत जातात, आणि मेंढीच्या काळजांत जें होतें तेंच माणसाच्या काळजांत होतें.

हें आम्ही केवळ वाचून लिहीत नाहीं. चार वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या वहिनींस उजव्या बरगडीखालीं जडपणा वाटूं लागला. पुतण्यांच्या त्या मातोश्री. वर्षभर आम्हीं पित्त समजून सुंठ-साखर व चूर्णें यांवर काढिलें. शेवटीं जिल्ह्याच्या ठिकाणीं सोनोग्राफी झाली, तेव्हां काळजांत नारळाएवढा पाण्याचा फोड निघाला. तो आंतल्या आंत फुटला तर जिवावर बेततें, असें डॉक्टर म्हणाले. आधीं अल्बेंडाझोलच्या गोळ्या व मग शस्त्रक्रिया असा मार्ग ठरला. दोन एकर उसाचें बिल त्यांत गेलें. तें जावो, माणूस घरीं परत आलें. परंतु शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं डॉक्टरांनीं विचारलेला प्रश्न आमच्या कानांतून अद्याप गेलेला नाहीं. “घरांत कुत्रें आहे काय ? त्यास काय घालतां ?”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. उत्तर आम्हांस ठाऊक होतें. दर आषाढांत व जत्रेच्या वेळीं घरीं बकरें पडतें. त्याचें फुप्फुस घरांत कोणी खात नाहीं. तें आम्ही स्वतः, या हातांनीं, मोत्यास व त्याच्या आधीं त्याच्या बापास टाकीत आलों. आणि तो तें वरचेवर झेलतो कसा, हें पोरांना बोलावून दाखवीत आलों. अंगणाचा केर वहिनींच्या हातीं, मोत्याचें भांडें वहिनींच्या हातीं, मागल्या दारचा कोथिंबिरीचा वाफाही त्यांचाच. असला फोड वाढण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात, तेव्हां त्याचें बीज नेमकें कोठून आलें हें कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. बाजारच्या भाजींतूनही तें आलें असेल. आम्ही मात्र तसें म्हणून मोकळे होऊं शकलों नाहीं.

हें झालें माणसाचें. ज्यांच्या शेतांत खतासाठीं मेंढरें बसतात त्यांनीं मेंढ्यांचा दुसरा एक रोग पाहिला असेल. चांगली मेंढी एकाएकीं कळप सोडून एकाच बाजूस गोल गोल फिरूं लागते, मान वांकडी करते, खात नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं मरते. तिच्या मेंदूंत फोड झालेला असतो, व तोही कुत्र्याच्या पोटांतील एका पट्टकृमीचाच प्रसाद. मेलेल्या मेंढीची मुंडी कुत्र्यांनीं फोडून खाल्ली म्हणजे पुढच्या मेंढ्यांची तजवीज झाली.

गाई बाळगणारांचें याहून मोठें नुकसान होतें. संकरित गाय पांचव्या-सहाव्या महिन्यांत गाभ टाकते. मालक दृष्ट काढतो, वैरण बदलतो, डॉक्टरास दोष देतो. गाभ टाकण्याचीं कारणें अनेक आहेत, व सांसर्गिक गर्भपाताची म्हणजे ब्रुसेल्लाची तपासणी आधीं करून घ्यावी हें योग्यच. परंतु निओस्पोरा नांवाचा एक सूक्ष्म जंतु आहे, तो इकडे फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नॉर्वेमध्यें तो १९८४ सालीं कुत्र्यांच्या पिलांत प्रथम दिसला. १९८८ सालीं त्यास नांव मिळालें. आणि त्याचीं बीजें विष्ठेवाटे बाहेर टाकणारा कुत्रा आहे, हें १९९८ सालीं सिद्ध झालें. व्यालेल्या गाईची वार व कच्चें मांस यांतून तो कुत्र्यांत जातो, आणि कुत्र्याच्या विष्ठेंतून वैरणींत व पाण्यांत उतरतो. एकदां गाईच्या अंगीं तो भिनला म्हणजे ती पोटांतल्या कालवडीसही तो देते, कालवड मोठी होऊन आपल्या वासरास देते. म्हणजे वार पुरण्यासाठीं हातभर खड्डा खणण्याचा कंटाळा केल्याची किंमत तीन पिढ्यांच्या दुधांतून वसूल होते. गाय व्याली कीं वार ओढ्यांत फेंकावी, ही चाल आमच्या भागांत सर्रास आहे. ओढ्यांत तिची वाट पाहत कोण असतें हें व्यालेल्या गाईस कळतें, मालकास कळत नाहीं.

पूर्वीं मेलेलें जनावर माळावर टाकलें कीं गिधाडें उतरत व पाहतां पाहतां हाडें उघडीं पाडीत. १९९० नंतरच्या काळांत गिधाडें नाहींशीं झालीं. जनावरांस टोंचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळें तीं मरतात, हें २००४ सालीं उघडकीस आलें, व २००६ सालीं आपल्या देशांत जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी झाली. तोंपर्यंत गिधाडांचें ताट कुत्र्यांच्या स्वाधीन झालें होतें. गिधाडाच्या पोटीं हे पट्टकृमी वाढत नाहींत, कुत्र्याच्या वाढतात. तेव्हां ‘आमचे आजोबा जनावर माळावरच टाकीत, त्यांना काय झालें ?’ असें जे म्हणतात, त्यांनीं एकदां मान वर करून आभाळाकडे पाहावें.

हा रोग हटतो, आणि तो हटविण्यास फार मोठी विद्या लागत नाहीं. आइसलँड हा मेंढ्यांचा देश. तेथें एकोणिसाव्या शतकांत या फोडांनीं माणसें बेजार झालीं होतीं. हॅराल्ड क्रॅबे हा डॅनिश शास्त्रज्ञ १८६३ सालीं तेथें गेला, कुत्रीं व मेंढ्या तपासल्या, आणि फोड आलेले अवयव कुत्र्यांच्या तोंडीं पडूं न देतां नष्ट करावे हें लोकांस शिकविण्याचा उपक्रम केला. पुढें कायदे झाले, आणि कालांतरानें रोग तेथून गेला. न्यूझीलंडमध्यें १९५९ सालीं खास कायदा झाला. कच्चे अवयव कुत्र्यांस घालण्यास मनाई व गांवोगांव कुत्र्यांस नियमानें औषध, हें तेथें चिकाटीनें चाललें, आणि २००२ सालीं देश या रोगापासून मुक्त झाल्याचें तात्पुरतें जाहीर झालें. मौज अशी कीं, आजच्या गोळ्या निघण्यापूर्वीं तेथें कुत्र्यांस जें जुलाबाचें औषध देत तें अरेकोलीन, म्हणजे आपल्या सुपारींतील सत्त्व ! ज्या वस्तूचे आपण दिवसभर तुकडे चघळतों, तिचा असा उपयोग मेंढपाळांच्या त्या दूरच्या देशांत व्हावा.

आतां पुतण्यांच्या कोंबडीविषयीं. हा सर्व विचार आम्हीं त्यांच्यापुढें मांडला, तेव्हां ते म्हणाले, “काका, माझा कुत्रा कोंबडी खातो, बकऱ्याचें फुप्फुस नाहीं.” मुद्दा बिनतोड आहे व तो आम्हीं मान्य केला. हे फोड कोंबडींत होत नाहींत. शिवाय मांस दहा-बारा दिवस पक्कें गोठवून ठेविलें म्हणजे मेंढी-बकऱ्याच्या फोडांतलेही जीव मरतात. परंतु गोठविल्यानें सालमोनेला मरत नाहीं. कॅनडांत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा तपासणींत कच्च्या कोंबडीच्या आहाराच्या नमुन्यांपैकीं शेंकडा ८० नमुन्यांत, व तो खाणाऱ्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ३० कुत्र्यांच्या विष्ठेंत हा जंतु सांपडला. कुत्रें बहुधा तो पचवितें. त्याचें भांडें धुणारी म्हातारी व त्याच्याशीं खेळणारें मूल पचवीलच असें नाहीं. अमेरिकेच्या पशुवैद्यांच्या संघानें २०१२ सालीं कच्च्या आहाराविरुद्ध मत दिलें तें मुख्यतः याच कारणानें. तरीही शहरांत, गोठविलेल्या कोंबडीवर, हात व भांडीं साबणानें धुण्याची शिस्त पाळून, घरांत तान्हें मूल अगर दुखणेकरी नसतांना कोणीं हा प्रयोग केला, तर आम्ही त्यास वेडा म्हणणार नाहीं. तोच प्रयोग वस्तीवर आणला म्हणजे काय होतें ? एकदां ‘कच्चेंच चांगलें’ असें घरांत ठरलें कीं गडी मानसन्मानानें बकऱ्याचें काळीज टाकूं लागतो. तेथें मान कोणती, फुप्फुस कोणतें, गोठविलेलें कोणतें हा भेद टिकत नाहीं. म्हणून शेतावरील कुत्र्यास कच्चें मांस मुळींच नको, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

मांस द्यावें, पण उकळून. अवयवांचे लहान तुकडे करून निदान अर्धा तास खळखळ उकळावे. पाणी फेंकूं नये, त्यांत भाकरी कुस्करावी. ज्या काळजांत वा फुप्फुसांत फोड दिसेल तें उकळण्याच्याही भानगडींत न पडतां खोल पुरावें, व वर चुना आणि दगड टाकावे, नाहीं तर रात्रींत उकरलें जातें. आठवड्यांतून दोन-तीन उकडलेलीं अंडीं पडलीं तरी मोत्यासारख्या कुत्र्याची तब्येत सुधारते, असा आमचा अनुभव. उकडलेलें हाड देऊं नये. कच्च्या हाडाचा आग्रह पुतणे अजून सोडीत नाहींत. आम्हीं मात्र आमच्या घरापुरती मनाई केली आहे. दांतांवर थोडें कीट राहिलें तर राहो. पिलांच्या वाढीस लागणारा चुना किती व कोणत्या रूपानें द्यावा तें डॉक्टरांस विचारावें.

औषधाच्या बाबतींत एक फसगत होते ती सांगून ठेवतों. जंताची म्हणून जी गोळी मिळते ती सर्व जंतांवर चालते असें नाहीं. या पट्टकृमीस प्राझिक्वांटेल हें औषध लागतें. दुकानांत नांव घेऊन मागावें, कुत्र्याचें वजन सांगून प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें, व मेंढरांत वावरणाऱ्या कुत्र्यास तें दर सहा आठवड्यांनीं द्यावें. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रें बांधून ठेवून विष्ठा पुरावी. नाहीं तर कृमी कुत्र्यांतून निघून वाफ्यांत गेले, एवढाच फरक.

राहतां राहिले धनगर बंधू. दिवाळीनंतर वाडे हिंडूं लागतात, आपण मेंढरें शेतांत बसवितों, व त्यांचीं पांच-सहा कुत्रीं आपल्या रानांत आठ-आठ रात्रीं राहतात. वाटेंत मेलेलें कोंकरूं त्यांनीं पुरावें कोठें व कशानें ? त्यांना उपदेश करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु मेंढरें बसविण्याचें धान्य वा पैसे ठरवितांनाच कुत्र्यांच्या गोळ्या आपल्याकडून द्याव्या व कोंकरूं पुरण्यास आपलें खोरें व कुदळ द्यावी, हें आपणांस करतां येईल. खत आपल्या शेतास हवें आहे. त्याबरोबर अंडीं नकोत. आपल्या संस्थेनें अशा गोळ्या एकदम आणून सभासदांस मूळ किंमतींत दिल्या, तर संस्थेच्या खत-बियाण्याच्या व्यवहारांत त्याचें ओझें होणार नाहीं. जत्रेच्या माळावर एक खोल खड्डा ग्रामपंचायतीनें आधींच खणून ठेवावा, असा अर्ज आम्हीं यंदा दिला. अर्जावर ‘पाहून’ असा शेरा पडला. हा शेरा आम्हींही पूर्वीं पुष्कळ अर्जांवर मारलेला आहे, त्यामुळें त्याचा अर्थ कळतो. तेव्हां जत्रेच्या आदल्या दिवशीं आम्ही व शेजारचे दोघे मिळून खड्डा खणून मोकळे झालों.

यंदाच्या आषाढांत घरीं बकरें पडलें तेव्हां पुतणे आले होते. अंगणाच्या कडेस तीन दगड मांडून मोत्याचें पातेलें चढविलें. वहिनी जाळापाशीं बसल्या. फुप्फुसांत दोन फोड निघाले. पुतण्यांनीं ते बराच वेळ पाहिले, मग तें फुप्फुस घमेल्यांत घातलें आणि कांहीं न बोलतां कुदळ घेऊन बांधाकडे गेले. मोत्या त्यांच्यामागें गेला. वहिनींनीं हांक मारून त्यास परत आणला व सांखळीस बांधला.